उलट्या लूपचं कारण

मला ज्यांनी कॉम्प्युटर शिकवला त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मुलुंडच्या एका कॉलेजात मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजने दोन कॉम्प्युटर घेतले आणि संध्याकाळचा एक वर्षाचा प्राथमिक अभ्यासक्रम काढला. शिकवणारे सर मूळचे अकाउंटन्सीचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेसा कोर्स करून आलेले. जागा थोड्या, आणि अर्ज करणारी मुलं बहुतेक आसपासच्या बिल्डिंगांतली, इंग्रजी शाळांतून आलेली. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला. सरांनी माझा अर्ज पाहिला आणि विचारलं, "इंग्रजी जमेल का रे?"

"जमवीन सर."

ते हसले आणि त्यांनी मला घेतलं. मला घ्यायची त्यांना काहीच गरज नव्हती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाहेर पडताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे कॉलेज आहे." पण त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

मी राहायचो विक्रोळीला, पार्कसाइटच्या टेकडीवर मामाच्या खोलीत. मामा भांडुपच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता. त्याच्या नखांच्या कडांना करडा रंग कायम बसलेला असे, रॉकेलने घासला तरी जात नसे. ऑगस्टच्या सुमाराला एकदा तो कामावरून आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला.

"आमच्याकडं कॉम्प्युटर येतोय. ऑफिसात. पर्सोनेलचा साहेब तुमच्या कॉलेजात बोलून आलाय म्हणे. तुमच्यातला एक घेणार. ट्रेनी म्हणून."

"एकच?"

"तुला किती पाहिजेत? एकच पाहिजे ना तुला?"

सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच सांगितलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी साहेब येणार, प्रत्येकाने स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम त्यांना दाखवायचा, आणि साहेब एकाला निवडणार. परीक्षा झाली की थेट कामावर. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मामाने तर रंगखात्यात सांगूनही टाकलं की पुढच्या वर्षापासून भाचा वरच्या मजल्यावर बसणार, एसीत.

एसी हा तेव्हा मोठाच शब्द होता. आमची कॉम्प्युटरची खोली म्हणजे कॉलेजातली एसी असलेली एकमेव खोली. प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्येही पंखाच होता. चपला बाहेर व्हरांड्यात काढायच्या, काचेचं दार हळू लोटायचं, निळ्या गालिच्यावरून मशीनपर्यंत जायचं. दोन्ही मशिनांवर झालरीचे कापडी झगे असत, सरांच्या मिसेसनी शिवलेले. ते उतरवायचे सरांनीच. आम्ही रांगेत उभे राहून पाहायचो.

पहिल्या तासाला सरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला अजून पाठ आहेत. एक म्हणजे डेटा आणि इन्फर्मेशन यांत फरक काय. नुसते आकडे, नुसती नावं म्हणजे डेटा. त्याला अर्थ आला की ती इन्फर्मेशन. दुसरं त्यांनी फ्लॉपी हातात धरून सांगितलं. फ्लॉपी म्हणजे काळं चौकोनी पाकीट, आत तपकिरी चकती, आणि पाकिटाला एक लांबट उघडी खिडकी. "मशीन इथून वाचतं," सर त्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे बोट लावायचं नाही. घामाचं बोट लागलं तरी फ्लॉपी गेली समजा."

मशीनवर बसायला मिळायचं आठवड्यातून एकदा, तेही जोडीने. माझी जोडीदारीण भांडुपची होती. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यापासून ते रिक्षा चालवायचे. घरी मालवणीत बोलायची आणि वर्गातही फारशी बदलायची नाही. कळांवरची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने नसतात हे मला मशीनसमोर बसल्यावर कळलं. मी एक एक अक्षर शोधत बसलो तशी ती म्हणाली, "मेल्या, अशाने आपली पाळी संपेल आणि तुझं नावपण टाइप झालेलं नसेल."

मामाने कारखान्यातून पुठ्ठा आणून दिला. त्यावर मी कीबोर्ड काढला, चौकोन आखून, अक्षरं घालून. तो मांडीवर घेऊन बोटं चालवायचो. मामी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "वाजत तर नाही काहीच." पण महिन्याभरात बोटं न बघता चालायला लागली. वर्गात टायपिंगला माझ्याइतकं जलद कोणी नव्हतं. हे पुढे कामाला आलं. कोणाच्या, ते सांगतो.

प्रोग्राम कशावर लिहायचा हा प्रश्नच नव्हता. माझे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी. कालव्याच्या एका चारीवर, म्हणजे त्यातून फुटलेल्या छोट्या पाटावर, पाणी सोडायचं आणि बंद करायचं हे त्यांचं काम. चारीच्या दोन्ही अंगाला शेतं, प्रत्येक शेताला पाण्याचं एक लोखंडी दार. पाणी सुटलं की कोणाला केव्हा, किती वेळ, हे क्षेत्रावरून ठरतं. त्याला शेजपाळी म्हणतात. आणि शेजपाळीचा नियम असा की पाणी शेवटच्या शेताला आधी द्यायचं. चारीच्या टोकाला जो असतो त्याचं भरलं की मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, असं करत शेवटी कालव्याला लागून असलेला.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं की पाणी तर वरून येतं, मग वरच्याला आधी का नाही. ते म्हणाले होते, "वरच्याला आधी दिलं तर खालच्यापर्यंत कधीच जात नाही. खालच्याला आधी दिलं तर वरच्याला मिळतंच."

कालव्याजवळची शेतं मोठ्या लोकांची. त्यांच्या माणसांशी वडिलांची दर पाळीला बोलाचाली व्हायची. "पाटकरी, आमचं दार आधी उघड, बाकीचं पुढं बघू." वडील दार उचलायची लांब लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून तसेच पुढे चालायला लागायचे. "शेवटाकडनं येतो," एवढंच म्हणायचे. आम्ही बौद्ध. गावात कोणाला नाही म्हणायची आम्हाला फारशी सोय नव्हती. वडिलांना ती त्या एका नियमाने दिलेली होती, आणि ते ती सोडत नसत.

तर मी शेजपाळीचा प्रोग्राम लिहिला. शेतांचे नंबर आणि क्षेत्र घालायचं, पाणी सुटायचा वार आणि वेळ घालायची, की मशीन प्रत्येकाची पाळी छापून देणार. बेसिक या भाषेत लूप, म्हणजे तीच कृती एकेका नंबरासाठी पुन्हा पुन्हा करायची सूचना, लिहिताना सगळे एकपासून वर जातात. माझा लूप शेवटच्या नंबरापासून सुरू होऊन एकपर्यंत खाली यायचा, स्टेप मायनस वन. पहिल्यांदा पडद्यावर बरोबर पाळ्या उमटल्या तेव्हा जोडीदारीण म्हणाली, "झकास रे! पण हे उलटं का?" मी तिला सांगितलं. मागे सर उभे होते, तेही ऐकत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "छान आहे. याला म्हणतात इन्फर्मेशन." आजवर मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ती मला सगळ्यात मोठी वाटत आली आहे, आणि म्हणूनच ती आठवली की तोंड कडू होतं.

हजेरीत पहिला होता तो मुलुंडमधला, वडिलांचा बिझनेस, इंग्रजी अस्खलित. मुलगा वाईट नव्हता. मला पाटकरी म्हणायचा, पण हसून. "काय पाटकरी, पाणी सोडलं का?" त्याचा प्रोग्राम क्रिकेटच्या सरासऱ्यांचा होता. हजेरीत मी शेवटचा.

खंडेनवमीच्या दिवशी सरांनी मशिनांची पूजा ठेवली. कारखान्यात यंत्रांची होते, दुकानात तराजूची होते, तशी. टेबलावर पांढरी चादर, झेंडूच्या माळा, उदबत्ती एसीमुळे दाराबाहेर. सरांनी सांगितलं, "सगळ्यांनी आपापली फ्लॉपी ताम्हनाजवळ मांडा."

सगळ्यांनी मांडल्या. मी मांडली नाही.

"तुझी कुठे आहे?"

"सर, आमच्यात पूजा करत नाहीत."

"अरे, ही देवाची कुठे आहे? विद्येची आहे."

आमच्याकडे दसरा मोठा असतो, पण तो दीक्षेचा दिवस म्हणून. वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून विहारात जातात. हळदकुंकू आजोबांनी सोडलं ते सोडलं. हे सगळं त्या खोलीत कसं सांगायचं? हजेरीतला पहिला मदतीला आला. म्हणजे त्याला तरी तसंच वाटलं असणार.

"राहू दे सर, त्यांचं वेगळं असतं."

सर म्हणाले, "बरं बरं." मी फ्लॉपी पिशवीत घालून बाहेर आलो आणि चपलांपाशी उभा राहिलो. आत जे चाललं होतं ते काचेतून दिसत होतं. सरांनी मशिनांना हळदकुंकू वाहिलं, मग फ्लॉप्या एकेक हातात घेतल्या. कुंकू ओलं केलेलं होतं. काळ्या पाकिटावर ते उठून दिसत नव्हतं म्हणून असेल, किंवा मशीन जिथून वाचतं तेच तिचं कपाळ असं मनात आलं असेल, सरांनी प्रत्येक फ्लॉपीच्या त्या उघड्या खिडकीत मधल्या बोटाने कुंकू लावलं. मग हळद. मग दोन अक्षता. ज्यांनी आम्हाला तिथे बोट लावू नका म्हणून शिकवलं त्यांनीच, मन लावून, एकही न चुकवता. आत सगळे हात जोडून उभे होते. मी बाहेर होतो, आणि थोड्या वेळापूर्वीच मला बाहेरचा ठरवून झालं होतं.

जोडीदारीण पेढा घेऊन बाहेर आली. "खा. हा तरी चालतो ना तुला?"

"तिथे कुंकू लावलंय," मी म्हणालो.

"अरे हो रे!" तिने तोंडावर हात ठेवला. आत जाऊन सरांशी काही बोलली आणि परत आली. "म्हणतात, श्रद्धेने लावलेलं बाधत नाही. पुसून टाकू सोमवारी."

पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नसतं, म्हणून मशिनांवर झगे चढले आणि खोलीला कुलूप लागलं.

सोमवारी साहेब अकराला येणार होते. आम्ही नऊलाच जमलो. सरांनी रुमालाने फ्लॉप्या पुसल्या. पुसताना कुंकू खिडकीच्या कडेतून आत गेलं. पहिल्याची फ्लॉपी पहिल्या मशीनमध्ये घातली. कर्र कर्र असा आवाज आला, लाल दिवा लागला तो विझेचना. दुसरी घातली. तिसरी. आता चांगली फ्लॉपी घातली असती तरी त्या मशीनने वाचली नसती, त्याच्या आतच कुंकू गेलं होतं. सरांचा चेहरा एसीत घामाने ओला झाला.

"वाट लागली," कोणीतरी म्हणालं.

सरांची मूळ फ्लॉपी, जिच्यावर मशीन सुरू होतं, ती कपाटात होती म्हणून वाचली होती. दुसऱ्या मशीनला अजून कोणी हात लावला नव्हता. जोडीदारीण मोठ्याने म्हणाली, "सर, याच्या फ्लॉपीला कुंकू नाही लागलेलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी पिशवीतून फ्लॉपी काढली. ती मी मामाच्या ट्रंकेत, पुठ्ठ्याचा कीबोर्ड दुमडून त्याच्या घडीत ठेवली होती. दुसऱ्या मशीनमध्ये घातली, आणि पडद्यावर शेजपाळी आली. शेवटच्या शेतापासून.

त्या क्षणी मला वाटलं की झालं. आता मीच. एवढ्या सगळ्यांत चालणारा एकच प्रोग्राम, आणि तो माझा. मला कोणाचं वाईट झाल्याचा आनंद नव्हता, पण आनंद होता, खोटं कशाला सांगू.

सरांनी मला दाराजवळ बाजूला घेतलं.

"हे बघ. साहेब येतायत. एकच मुलगा दाखवतोय आणि बाकी सगळे रिकामे, हे कसं दिसेल? पुढच्या वर्षी कोर्स चालू राहील का? प्रिन्सिपॉल मला विचारतील."

"सर, मग?"

"आपण सांगू, कॉमन प्रोजेक्ट दिलं होतं. सगळे तुझाच दाखवतील. तू फक्त पहिल्या ओळीत प्रत्येकाचं नाव घालून वेगळा सेव्ह कर. तुझं टायपिंग फास्ट आहे."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुला प्रवेश देताना मी तुझे मार्क पाहिले नव्हते. पाहिले होते का?"

नव्हते पाहिले. खरंच होतं ते. आणि मी ते मानणार हे त्यांना विचारायच्या आधीच माहीत होतं.

मी बसलो आणि नावं घातली. पहिल्याचं, दुसऱ्याचं, हजेरीच्या क्रमाने. मागून सूचना येत होत्या. "माझं सरनेम आधी घाल रे." "स्पेलिंग डबल ई." पुठ्ठ्यावर शिकलेली बोटं न चुकता चालत होती. जोडीदारीण म्हणाली, "माझं नको घालू." सर ओरडले, "नाटकं नकोत आता." मी तिचंही घातलं. सगळ्यात शेवटी माझं घातलं, माझ्याच प्रोग्रामची नक्कल म्हणून.

पर्सोनेलचे साहेब सभ्य गृहस्थ होते. चपला काढायच्या म्हटल्यावर त्यांनी बूट काढले आणि सॉक्सवर आत आले. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, तसं ते म्हणालेही. त्यांच्या कारखान्यात तेव्हा ते कोणालाच कळत नव्हतं. सरांनी कॉमन प्रोजेक्टचं सांगितलं, ते "गुड, गुड" म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

पहिला उभा राहिला. छान बोलला. शेतं म्हणजे युझर्स, पाणी म्हणजे रिसोर्स, असं काहीतरी. मला ते ऐकायला आवडलं, माझ्या प्रोग्रामबद्दल कोणी इतक्या चांगल्या इंग्रजीत बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मग साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. नंबर उलटे उतरत होते.

"व्हाय इज इट गोइंग बॅकवर्ड?"

तो क्षणभरच थांबला. "टु सेव्ह मेमरी, सर."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांना खरं कारण माहीत होतं, त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली. "करेक्ट."

दुसऱ्याला साहेबांनी तेच विचारलं. एकदा मान्य झालेलं उत्तर कोण बदलणार? "टु सेव्ह मेमरी, सर." तिसरा, चौथा, सगळे. साहेबांना तो प्रश्न आवडला असावा, कारण त्यांना जमलेला तो एकच होता. जोडीदारीण मात्र म्हणाली, "आय डोन्ट नो, सर," आणि सरांकडे न बघता बाजूला झाली. माझ्या जवळून जाताना ती पुटपुटली, "तू तरी खरं सांग, मेल्या."

माझी पाळी आली तोवर साहेब घड्याळ बघायला लागले होते. त्यांनी विचारलंही नाही, स्वतःच म्हणाले, "अँड बॅकवर्ड, टु सेव्ह मेमरी. राइट?"

"नो, सर."

त्यांनी वर पाहिलं.

"सर, वॉटर... फर्स्ट टु लास्ट फार्मर. बिकॉज, इफ फर्स्ट फार्मर टेक्स, लास्ट फार्मर..." पुढचा शब्द सापडेना. मराठीत माझ्याकडे एका वाक्यात सगळं होतं, वडिलांचं वाक्य. मी म्हणालो, "सर, मराठीत सांगू का?"

साहेब हसले. वाईट नव्हे, थकलेलं हसू. "लास्ट मॅन फर्स्ट? पाणी उलटं चढतं का तुमच्याकडे?"

सगळे हसले. साहेब विनोद करतात तेव्हा हसतात तसे.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं. ते एसीच्या जाळीकडे बघत होते. मग म्हणाले, "ग्रामीण भागातला आहे, सर. जरा गोंधळलाय. मेहनती आहे पण."

"बाकी सगळ्यांना समजलंय," साहेब म्हणाले आणि बूट घालायला उठले.

पहिल्याला घेतलं हे सरांनी दोन दिवसांनी सांगितलं. तास संपल्यावर मला थांबवलं. "तुझ्यामुळे कॉलेजची अब्रू राहिली. कॉलेज हे विसरणार नाही." मी म्हणालो, "थँक यू, सर." सवयीने म्हणालो. उपकार करून घेणाऱ्या माणसाला ही सवय लवकर लागते, आणि लागली की समोरचा नेमकं काय देतोय हे बघायचंही राहून जातं.

मामाला सांगणं जड गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुंकवापासून.

"मग तू बोलला का नाहीस की हे माझं आहे?"

"सर होते समोर."

"सर होते म्हणजे? घरचे होते का?"

"त्यांनी प्रवेश दिला मामा. मार्क न बघता."

"न बघता दिला, आता न बघता घेतला," मामा म्हणाला. मग बराच वेळ नखं खरवडत बसला. रंगखात्यात त्याने काय सांगितलं, मी विचारलं नाही.

दिवाळीला गावी गेलो. वडिलांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण आपल्या शेजपाळीवर पोराने काही केलंय एवढं त्यांना पत्रातून कळलं होतं. आम्ही चारीच्या भरावावर बसलो होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, नोकरी हुकल्याचंही. त्यांना एकच गोष्ट पुन्हा विचारायची होती.

"उलटं कशापायी म्हनला त्यो?"

"जागा वाचते म्हणून. मशीनमधली."

"आन् सायबाला पटलं?"

"पटलं."

वडील चारीच्या वरच्या अंगाला बघत राहिले. तिकडे उसाचं हिरवं रान होतं.

"त्याचं रान कधी चारीच्या शेवटाला नसंल," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मला तो पाहिजे होता.

परीक्षा झाली, मी पदवीधर झालो. घाटकोपरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे जमाखर्चाला लागलो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून गावाने हार घातला, आणि तो घेताना मी मनापासून सुखावलो, हेही खरं आहे. कोर्सचं सर्टिफिकेट मात्र पुढच्या वर्षी मिळणार होतं. ते आणायला एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मुलुंडला गेलो.

व्हरांड्यात नव्या मुलांच्या चपलांची रांग होती. मी काचेच्या दाराशी थांबलो, मध्येच आत जाऊ नये म्हणून. दार पुरतं लागलेलं नव्हतं. पडद्यावर शेजपाळी चालू होती. शेतांचे नंबर शेवटाकडून एकाकडे उतरत होते, माझ्या वडिलांच्या चारीवरचे नंबर, मी घातले होते तेच. पहिल्या ओळीत नाव होतं ते भांडुपच्या कारखान्यात ट्रेनी असलेल्याचं. माझी फ्लॉपी त्या सोमवारपासून सरांकडेच राहिली होती, आणि इतकी नावं एका फ्लॉपीवर कशाला, म्हणून सरांनी पहिलं ठेवून बाकीची पुसली असणार.

"हा आपल्या कोर्सचा नमुना प्रोग्राम," सर सांगत होते. "आता बघा, हा लूप उलटा का फिरवलाय?"

कोणालाच येईना. सरांनी थोडं थांबून खडूने फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मेमरी वाचते. महत्त्वाचं आहे, परीक्षेला विचारीन."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते मनापासून खूश झाले. "ये ये, आत ये!" आणि वर्गाला म्हणाले, "हा आमच्या पहिल्या बॅचचा. सगळ्यात मेहनती मुलगा." मुलांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी आत जाऊन सर्टिफिकेट घेतलं, सही केली. पाया पडायला वाकायची सवय कमरेतच होती, वाकलो. या वेळीही त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

बाहेर येऊन मी रांगेतून माझ्या चपला शोधल्या. आत मुलं माना खाली घालून लिहून घेत होती.